हा भाग वापरात आहे

१

चांगला चालणारा कॉम्प्युटर भंगारात काढायचा हुकूम या कंपन्यांनी कोणाला विचारून दिला, हे मला अजून कळलेलं नाही. रोज सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर पाटी यायची: तुमची प्रणाली जुनी झाली, यापुढे मदत मिळणार नाही, नवीन मशीन घ्या. उद्या दूधवाला म्हणेल, तुमचं पातेलं जुनं झालं, दूध बंद! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी पंधरा वर्षं रायपूरच्या एका छापखान्यात डीटीपी केलं आहे. मशीन उघडून धूळ काढणं, रॅम बदलणं, बंद पडलेलं सगळं नव्यानं टाकणं ही कामं मी एकीकडे कुकर लावून करते. तरी सदर बाजाराजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी लिनक्स, म्हणजे जुन्या मशीनवरही चालणारी फुकटची प्रणाली, टाकण्यासाठी पेनड्राइव्ह मागितला, तर दुकानदार माझ्या मागे उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "भैया, भाभीजी को इस चक्कर में मत पड़ने दो. नया ले लो." आमचे हे, म्हणजे निरंजन, रेल्वेत आहेत आणि घरच्या वायफायचा पासवर्ड त्यांना अजून मला विचारावा लागतो. ते हसले. मी पेनड्राइव्ह घेतला आणि दोघांशीही न बोलता पायऱ्या उतरले.

मशीन हवं होतं स्नेहलसाठी. स्नेहल आमची एकुलती एक. बारावी झाली, आता ॲनिमेशन शिकायचं म्हणते. प्रवेशासाठी तिला स्वतः केलेली एक छोटी फिल्म पाठवायची होती, आणि घरात मशीन हे एवढंच. तेही भनपुरीच्या एका ट्रान्स्पोर्टवाल्यानं ऑफिस बंद केलं तेव्हा निरंजननी उचलून आणलेलं. तिची फिल्म या मशीनवर झाली नसती तर तिचं वर्ष गेलं असतं. म्हणून मी पदर खोचला.

२

रविवारी सकाळी पेनड्राइव्ह लावून बसले. ब्राह्मणपाऱ्यातलं आमचं घर वरच्या मजल्यावर आहे: बैठक, आतली खोली, स्वयंपाकघर आणि एक बोळासारखी गॅलरी. मशीन बैठकीत. माझ्या सासूबाई, वनमालाबाई, समोरच ताटात तांदूळ निवडत होत्या. भाषा मी मुद्दाम मराठी निवडली. म्हटलं, शिव्या घालायच्या तर समजतील अशा भाषेत घालू.

लिनक्स टाकताना सगळ्यात नाजूक काम म्हणजे डिस्कचे भाग पाडणं. कोणत्या भागात प्रणाली बसणार, कोणत्या भागात माणसाच्या फायली, हे आधी ठरवावं लागतं. तिथं चुकलं की आधीचं सगळं गेलंच म्हणून समजा. पडद्यावर जुने भाग ओळीनं दिसत होते. मी एकेक पुसत चालले होते.

"सगळंच पुसून राहिली का?" आईंनी विचारलं.

"हो आई. एकदम कोरं करते."

"डबा असा पुरता खरवडू नये बाई. मूठभर राहू दे तळाशी. रिकाम्या डब्याले बरकत नसते."

आमच्याकडे ही रीतच आहे. तांदूळ संपत आले तरी डब्याच्या तळाशी मूठभर ठेवायचे आणि नवे त्यावर ओतायचे. डिस्क म्हणजे तांदळाचा डबा नव्हे, हे मी आईंना सांगायला हवं होतं. पण सकाळपासून एकदा ह्यांच्याशी आणि एकदा दूधवाल्याशी भांडून झालं होतं, तिसऱ्या भांडणाची ताकद नव्हती. ओळीत सगळ्यात खाली एक चिमुकला भाग उरला होता, जेमतेम एक जीबीचा. इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव होतं 'मारोती'. असेल कोणी ट्रान्स्पोर्ट ऑफिसातला बाबू, आपल्या फायली वेगळ्या ठेवणारा. म्हटलं, राहू दे. आईंचंही मन राहील.

वरच्या मोकळ्या जागेचे मी दोन भाग केले. लहान प्रणालीसाठी, आणि मोठा, चारशेच्या वर जीबीचा, स्नेहलच्या नावानं. उद्या प्रणाली बिघडली तरी पोरीचं काम सुखरूप राहावं, हा हिशेब.

३

लिनक्स टाकून झालं, मशीन पुन्हा सुरू केलं, तर काळा पडदा. त्यावर एक इंग्रजी ओळ आणि लुकलुकणारी रेघ. मशीन जागं होतं, पण प्रणाली कुठं ठेवली ते त्याला सापडत नाही, असा त्याचा अर्थ. हे नवं नाही. सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्रॅम चुकीच्या जागी बसला की असं होतं.

इंटरनेटवर एका मदतगटात विचारलं तर एका उंटावरच्या शहाण्यानं उत्तर दिलं, "आधी माहितीपुस्तिका वाचा." अरे बाबा, पुस्तिका वाचूनच इथवर आले! मग माझं मीच केलं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, तो प्रोग्रॅम पुन्हा नीट बसवला. या वेळी यादी आली: कोणती प्रणाली सुरू करू? पहिली ओळ लिनक्स. दुसरी, अडचणीच्या वेळचं लिनक्स. तिसरी, मारोती.

एक जीबीत धड प्रणाली मावत नाही. मी हट्टानं ती तिसरी ओळ निवडली. पडदा काळा झाला. मशीनचा पंखा थांबला. आणि आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

निरंजन ड्यूटीवर, स्नेहल क्लासला, आई माझ्यासमोर. आईंनी मान वर केली नाही. खालच्या मजल्यावरचा आवाज कधीकधी भिंतीतून वर येतो, तसाच असणार. मी बटण दाबून मशीन बंद केलं, पुन्हा लावलं आणि पहिली ओळ निवडली. सगळं सुरळीत चाललं. दुकानदाराला फोटो पाठवावा असं फार वाटलं.

४

काही दिवस स्नेहल खुशीत होती. तिच्या फिल्ममध्ये एक म्हैस घड्याळ गिळते आणि मग गावभर लोक तिला वेळ विचारत फिरतात. रोज जेवताना ती मला पुढचं सांगायची आणि हसताना ठसका लागायचा.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "मम्मी, सेव नहीं हो रहा. बोल रहा है जगह नहीं है."

"चारशे जीबी एका म्हशीने खाल्ले का गं?"

मी बघितलं. स्नेहलचा भाग तीनशेवर आला होता आणि तेवढाही भरल्याचं दाखवत होता. तिच्या फायली मात्र होत्या तितक्याच. खालचा मारोती शंभरावर गेला होता.

मी आधी स्वतःलाच बोल लावला. आकडे वाचायला चुकले असेन. जीबी मोजायच्या दोन पद्धती आहेत, त्यात घोळ होतो. डिस्क मरायला टेकली तरी असं वेडंवाकडं दिसतं. म्हणून तपासणी केली. डिस्क ठणठणीत निघाली. आणि डिस्क काही रबराची नसते. एकाचा भाग वाढला तर तेवढाच दुसऱ्याचा गेला, यात देवालाही सवलत नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हे आम्हा भटांच्याच घरात म्हणायची पाळी आली.

त्याच संध्याकाळी आईंनी पाच कप चहा केला. घरात माणसं चार.

"पाचवा कोणाचा, आई?"

"असं काय विचारते? ज्याचा आहे तो घेईल."

थोड्या वेळानं बघितलं तर पाचवा कप धुऊन ओट्यावर पालथा घातलेला. आमच्या घरात स्वतःचा कप धुणारा माणूस नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी रागच आला. आमच्या ह्यांना वीस वर्षांत हे जमलं नव्हतं.

५

मदतगटात मी पुन्हा लिहिलं. आकडे सांगितले, पडद्याचा फोटो टाकला. तोच उंटावरचा शहाणा म्हणतो, "यात बिघाड काय आहे? तुमच्या पहिल्या फोटोतही हेच आकडे आहेत."

पहिल्या रविवारी भाग पाडून झाल्यावर मी फोनवर पडद्याचा फोटो घेतला होता, तोच तेव्हा गटात टाकला होता. तो उघडला. मारोती शंभराच्या वर, स्नेहल तीनशे. मी स्वतःच्या हातानं जे आकडे टाकले होते ते त्यात नव्हतेच. फोन आपटणार होते, आईंनी धरला.

निरंजन ड्यूटीवरून आले. मी म्हटलं, सिलिंडर संपत आलाय.

"मारोतीले सांगून ठेवलं आहे मी," ते बूट काढत म्हणाले.

"कोणाला?"

"मारोतीले. काहून अशी पाहून राहिली?"

"अहो, मारोती कोण?"

त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं, की एकदा वाटलं हातातला झारा फेकून मारावा. "तू जरा आराम करत जा," म्हणाले आणि टीव्ही लावला.

मी आतल्या खोलीत गेले. ती स्नेहलची खोली. दारामागं एक सतरंजीची वळकटी, नीट दोरीनं बांधलेली. खुंटीवर पुरुषाचा शर्ट, इस्त्रीचा. खोलीत कोणी नव्हतं. खुर्चीची बैठक मात्र गरम होती. मी हात लावून बघितला आणि तो हात पदराला पुसला.

"आत्ताच खाली गेला," बैठकीतून आई म्हणाल्या. मी काही विचारलंही नव्हतं.

स्नेहलची उशी आणि वह्या गॅलरीत गेल्या होत्या, वॉशिंग मशीनच्या बाजूला. तिला म्हटलं, हा काय प्रकार? कोणी सांगितलं तुला इथं यायला?

"मुझे यहीं ठीक है, मम्मी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मला वाकून ऐकावं लागलं. "अंदर जगह कम पड़ रही थी."

६

त्यानंतर मी सगळ्यांशी भांडले. जिच्या जिभेला हाड नाही ती, असं माझं नाव आधीच आहे, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. त्या माणसाची वळकटी मी जिन्यात फेकली. तासाभरात ती पुन्हा दारामागं, तशीच बांधलेली. तो मला कधी दिसत नव्हता. मी बैठकीत आले की तो गच्चीवर गेलेला, मी गच्चीवर गेले की खाली. घरातलं सगळं मात्र करत होता. नळाची गळती थांबली. आईंच्या गोळ्या वेळेवर आल्या. चोर परवडला. चोराला निदान हाकलून देता येतं.

खालच्या शांताबाई एकदा जिन्यात भेटल्या. स्नेहलच्या बारशाला पाळणा याच बाईंनी म्हटला होता. मला म्हणतात कशा, "तुमचं बरं आहे बाई. पोट्टे-पोट्टी नाही, मागं काही लचांड नाही. आणि मारोतीसारखा माणूस हाताशी."

"शांताबाई, स्नेहल! माझी स्नेहल!"

त्यांनी नजर चोरली. निपुत्रिक बाईपुढं नको तो विषय निघाला की लोक चोरतात ना, तशीच. माझ्या दंडाला हात लावून त्या उतरून गेल्या.

मी वर येऊन निरंजनच्या हातातला रिमोट काढून घेतला. "आपल्याला मुलगी आहे. बोला. नाव सांगा तिचं."

"हव ना," ते म्हणाले. "आहे ना." मग थांबले. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मी ओठ घट्ट मिटून धरले. ते वाट बघत राहिले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. बिचाऱ्यांना खरंच आठवायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच मला ह्यांचा राग आला नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

गॅलरीत स्नेहल आम्हां दोघांकडे बघत होती.

७

आज दुपारी जेवणं झाली आणि मी पेनड्राइव्ह लावला. ठरवून बसले होते की तो भाग पुसायचाच. आई झोपल्या होत्या, निरंजन गच्चीवर होते, आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं.

मारोती चारशेच्या वर. स्नेहल, जेमतेम एक जीबी.

मारोतीवर टिचकी मारली, 'काढून टाका' म्हटलं. पडद्यावर ओळ आली: हा भाग वापरात आहे. काढता येणार नाही.

मशीन मी पेनड्राइव्हवरून सुरू केलं होतं. डिस्कवरचं काहीही उघडलेलं नव्हतं. वापरणार कोण? पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. आत कोणीतरी खोकलं, अगदी हळू, झोपलेल्यांना त्रास नको म्हणून दाबून.

मी उठून त्या दारासमोर उभी राहिले. म्हटलं, "मूठभर जागा ठेवली होती तुमच्यासाठी, माणुसकीनं. सासूबाईंच्या शब्दाखातर. त्याचे हे पांग फेडले? आयत्या बिळावर नागोबा होऊन माझ्या पोरीला गॅलरीत टाकलं? तुमच्या बापाचं घर आहे का हे? आणि करायचंच आहे तर तोंड दाखवून करा!"

आतली खुर्ची सरकली. दाराच्या फटीतला उजेड कोणीतरी मध्ये आल्यासारखा बुजला. मी वाट बघितली. दार उघडलं नाही. मग सुचलं, त्यानं बाहेर यायचं काही कारणच नव्हतं, नुसतं थांबलं तरी उरलेली जागा त्याचीच होणार होती, आणि मी परत मशीनकडे धावले. मी स्नेहलच्या भागावर टिचकी मारली, नुसती मारली, आणि खाली ओळ आली: हा भाग वापरात नाही. 'काढून टाका'चं बटण ठळक झालं.

"स्नेहल!"

उत्तर नाही. गॅलरीत गेले तर ती वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्या सापटीत झाडू उभा राहतो, माणूस मावत नाही.

"मैं कब से बोल रही हूँ, मम्मी," ती म्हणाली. "आपको आवाज़ नहीं आ रही?"

तिला ओढून काढलं. वजन काही लागलंच नाही. मशीनसमोर माझ्या शेजारी बसवलं, तिचा भाग उघडला, म्हशीची फिल्म उघडली, तिच्या खाली एक कोरी फाइल उघडली आणि पहिलं सुचेल ते टाइप केलं. मग पुन्हा बघितलं.

हा भाग वापरात आहे. काढता येणार नाही.

८

हे सगळं मी त्याच कोऱ्या फाइलीत लिहिते आहे. लिहीत राहिले तर भाग वापरात राहतो. हात थांबला की थोड्या वेळानं खालची ओळ बदलायला लागते, हे मी दोनदा पाहिलं आहे. आणि जे लिहिते ते जागा खातं. जागा तिची. मी छापखान्यात शब्द मोजून मोठी झाले, पण असा एकेक शब्द कोणाच्या पोटातून काढून लिहिला नव्हता. म्हणून आता थोडक्यात लिहिते.

निरंजन येऊन गेले. म्हणाले, "ज्ञानदा, किती वेळ बसून राहशील? मारोतीचं काम आहे म्हणे मशीनवर. त्याले बसू दे ना."

मी म्हटलं, नाही.

आता तो माझ्या मागे उभा आहे. पडद्याच्या वरच्या काळ्या पट्टीत दिसतो आहे तेवढा मी बघते. इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला एक हात. त्या मनगटाला जांभळ्या पट्ट्याचं घड्याळ आहे, बारावीच्या निकालाला मी स्नेहलला घेतलं होतं तेच. चेहरा पट्टीच्या वर जातो. तो घाई करत नाही, हाकलत नाही, नुसता आपली पाळी यायची वाट बघतो आहे, सभ्य माणसं बघतात तशी. या सभ्यपणाचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मी मोठ्यानं म्हटलं, "थांबा. आमचं झालेलं नाही."

मी एका हातानं टाइप करते आहे. डाव्या हातात स्नेहलचा हात आहे. मघाशी तिनं माझी बोटं दाबली होती. आता ती शांत बसली आहे, बोलत नाही, जागा वाचवत असेल. माझी पोर शहाणी आहे. तिचा हात माझ्या हातात आहे, मला लागतो आहे. तिकडे मान वळवून बघायची मला काही गरज नाही.